छायाचित्रांतील मृदु प्रभा

मनुष्याचा चेहरा जसा आहे तसा छायाचित्रांत उतरावा, कीं त्याच्या जिवलगांच्या मनांत तो जसा वसत असतो तसा उतरावा, हा प्रश्न छायाचित्रकलेइतकाच जुना आहे. पहिला पक्ष सत्याचा कैवार घेतो, दुसरा प्रेमाचा. आणि दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य असल्यामुळें वाद मिटत नाहीं. गेल्या दिवाळींत हा वाद आमच्या नांदेडच्या घरांत एका जुन्या तसबिरीच्या निमित्तानें उभा राहिला, आणि त्याचा छडा लावतां लावतां आम्हांस या कलेच्या इतिहासांत बरेंच मागें जावें लागलें. तो प्रवास वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

ती तसबीर आमच्या आजीची. लातूरच्या एका स्टुडिओंत १९५५ च्या सुमारास काढलेलें तें कृष्णधवल छायाचित्र मोठें करून, काळ्या चौकटींत बसवून, माजघरांत उंचावर लावलेलें होतें. नऊवारी लुगडें, डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, एक हात गुडघ्यावर. कांचेआड ओल शिरून कडा पिवळ्या पडूं लागल्या, म्हणून आमच्या मुलीनें तें चित्र चौकटींतून काढलें, संगणकावर घेतलें, बुरशीचे डाग काढून टाकले, आणि अखेरीस त्यास हल्लींची तरुण मंडळी ज्यास 'ग्लो' म्हणतात तो दिला. चेहऱ्यावर व त्याच्या आसपास एक मऊ, स्वप्नवत् उजेड पसरला. समईजवळ बसलेली आजी दिसावी तसा. आम्ही सारे खूष झालों. परंतु दिवाळीस आलेल्या आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंनीं चष्मा पुसून तें चित्र जवळून पाहिलें आणि त्या म्हणाल्या, "अरे, ही आई कुठली? आईच्या तोंडावर देवीचे वण होते. ते कुठं गेले?"

मुलगी गोंधळली. "मी नाही हो पुसले, आत्याआजी. मूळच्या फोटोतच नव्हते."

आम्हीं जुनी प्रत उजेडांत नेऊन निरखून पाहिली. मुलीचें म्हणणें खरें होतें. इतकीं वर्षें ती तसबीर उंच भिंतीवर, हाराआड होती; आणि आजीच्या गालांवरून लहानपणीं आम्हीं स्वतः बोटें फिरविलीं असूनही तिच्या तसबिरींतील गाल गुळगुळीत आहेत, हें आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें. वण कोणीतरी आधींच, छायाचित्र काढलें तेव्हांच, नाहींसे केले होते. मग मुलीच्या प्रभेनें काय केलें, आणि त्या अज्ञात हातानें काय केलें? या दोन कृति एकच कीं भिन्न?

प्रथम ही मृदु प्रभा म्हणजे काय, तें समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी कीं, चित्र थोडें अस्पष्ट केलें कीं काम झालें. तसें नाहीं. नुसतें अस्पष्ट चित्र हें चुकलेलें चित्र असतें. त्याकडे पाहून डोळ्यांस शीण येतो. प्रभेचें चित्र हें एकावर एक पडलेल्या दोन चित्रांचें बनलेलें असतें. खालीं एक रेखीव चित्र, आणि त्यावर त्याच चित्राची एक विरघळलेली, उजळ प्रत. रेखीव चित्रामुळें पापणी, ओठ, नाकाची कड हीं आपापल्या जागीं राहतात. विरघळलेल्या चित्रामुळें उजळ भागांतील प्रकाश आपली कड ओलांडून शेजारच्या सावलींत पाझरतो. साध्या गोलाकार पृष्ठाच्या भिंगांत हें आपोआपच घडतें. अशा भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मध्यभागांतून येणाऱ्या किरणांपेक्षां थोडे अलीकडे एकत्र होतात. मधले किरण रेखीव चित्र काढतात, कडेचे किरण त्यावर प्रकाशाचा पातळ पडदा घालतात. या दोषास शास्त्रांत गोलीय विपथन असें नांव आहे. भिंगें करणाऱ्यांनीं हा दोष घालविण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या खटपट केली, आणि चेहरे काढणाऱ्या कलावंतांनीं तोच दोष परत मागून घेतला, ही या इतिहासांतील मोठी मौजेची गोष्ट होय.

१८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेर याची छायाचित्रणाची कृति जाहीर झाली, आणि पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाच्या पेट्झव्हाल नांवाच्या गणिताच्या प्राध्यापकानें चेहऱ्यांसाठीं खास भिंग आंखून दिलें. त्यांतून पूर्वीच्या मानानें कितीतरी अधिक प्रकाश येई. त्यामुळें बसणाऱ्याचा पुतळा होण्याचा काळ बराच कमी झाला. पण त्याच्या चित्राचा मध्य तेवढा रेखीव, आणि कडा मृदु असत. या मृदुतेस कलेचा मान मिळवून दिला तो कलकत्त्यास १८१५ सालीं जन्मलेल्या एका इंग्रज बाईनें. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन हें तिचें नांव. १८६३ च्या डिसेंबरांत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, मुलीनें व जांवयानें तिला एक कॅमेरा भेट दिला. आणि पुढील दहा-बारा वर्षांत तिनें टेनिसन, डार्विन, हर्शेल अशा थोरांचे आणि घरच्या मोलकरणींचे चेहरे सारख्याच आदरानें काढले. भिंग फिरवितां फिरवितां जेथें चित्र सुंदर दिसे तेथेंच ती थांबे. अधिक रेखीव करण्याच्या भरीस पडत नसे. त्या काळचे छायाचित्रज्ञ तिला हसले. तिला भिंग जुळवितां येत नाहीं, तिच्या कांचांवर धूळ व बोटांचे ठसे असतात, असे आक्षेप घेण्यांत आले. परंतु हर्शेल या वृद्ध ज्योतिषशास्त्रज्ञाचें १८६७ सालचें तिनें काढलेलें चित्र ज्यानें पाहिलें असेल, त्यास एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्यांत प्रकाश मृदु आहे, पण कपाळावरची एकही सुरकुती नाहींशी झालेली नाहीं. उलट ती सुरकुतीच प्रकाशमान झाली आहे.

पुढें ही आवड व्यापाऱ्यांच्याही ध्यानांत आली. लंडनच्या डालमायर यानें १८६६ सालीं असें एक भिंग काढलें कीं, त्याचा मागील भाग किंचित् फिरविला असतां पाहिजे तितकी मृदुता चित्रांत आणतां येई. १९३० च्या सुमारास जर्मनींत निघालेल्या 'इमागॉन' भिंगांत भोंकें पाडलेल्या चकत्या बसवून ही मृदुता कमीजास्त करण्याची सोय होती. ज्यांस असलीं भिंगें परवडत नसत ते भिंगापुढें तलम जाळीचें कापड ताणीत, नाहींतर कांचेवर व्हॅसलीनचा पुसट हात फिरवीत. या सर्वांचा अतिरेक झाला तेव्हां प्रतिक्रियाही आली. १९३२ सालीं अमेरिकेंत वेस्टन, ॲडम्स प्रभृति छायाचित्रकारांनीं एक मंडळच स्थापून धुक्याविरुद्ध बंड पुकारलें, आणि भिंगाचें तोंड शक्य तितकें लहान करून दगडाचा कणन्‌कण दाखविण्याचें व्रत घेतलें. तेव्हांपासून या दोन पंथांचें भांडण कमीअधिक जोरानें चालूच आहे.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईंत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालींच स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान् त्या मंडळींत होते. परंतु आमचा मराठवाडा त्या वेळीं निजामच्या राज्यांत. आमची राजधानी मुंबई नव्हे, हैदराबाद. म्हणून आमच्याकडील छायाचित्राची गंगोत्री शोधावयाची तर ती राजा दीनदयाळ यांच्यापाशीं शोधली पाहिजे. मेरठजवळील सरधना येथें १८४४ सालीं जन्मलेले हे गृहस्थ रुडकीच्या महाविद्यालयांत स्थापत्य शिकले, इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नोकरीस लागले, तेथें त्यांस छायाचित्रणाचा नाद लागला, आणि १८८५ च्या सुमारास ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामांनीं पुढें त्यांस 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे तसबीर काढणारा. कॅमेरा हातीं घेणाऱ्यास लढवय्याची पदवी देण्यांत त्या दरबाराची रसिकता दिसून येते. सिकंदराबादेस व मुंबईस त्यांचे मोठे स्टुडिओ होते. १९०५ सालीं ते वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक कांचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत जपून ठेवलेल्या आहेत.

दीनदयाळ यांच्या कामांतील आमच्या विषयाशीं निगडित अशी गोष्ट म्हणजे त्यांनीं १८९२ सालीं हैदराबादेंत केवळ पडदानशीन स्त्रियांसाठीं काढलेला स्टुडिओ. तो चालविण्याचें काम केनी-लेव्हिक नांवाच्या इंग्रज बाईकडे होतें, आणि परपुरुषाची नजर आंत पडूं नये म्हणून सभोंवार उंच भिंती होत्या. घराबाहेर ज्यांचा चेहरा कोणीं पाहिला नव्हता अशा स्त्रियांचा चेहरा प्रथमच कांचेवर उतरला, तो बाहेरच्यांस दाखविण्यासाठीं नव्हे, तर घरच्यांजवळ राहावा म्हणून. त्या काळच्या चांगल्या स्टुडिओंत कांचेचें छत किंवा उत्तरेकडची मोठी खिडकी असे, आणि तिच्यावर पांढरे पडदे सरकवून ऊन गाळून घेत. भिंगाआधीं प्रकाशच मृदु करण्याची ही रीत होती, आणि आमच्या मतें ती सर्वांत शुद्ध रीत होय.

हैदराबाद-मनमाड आगगाडी १९०० च्या सुमारास नांदेडवरून धांवूं लागली, आणि बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ सालीं लातुरास पोहोंचली. कापूस व धान्य बाहेर जाऊं लागलें आणि त्या वाटेनें नव्या वस्तु आंत येऊं लागल्या. पडद्यावर रंगविलेला संगमरवरी जिना, वेताची खुर्ची, कागदी फुलांची कुंडी, आणि काळ्या कापडांत डोकें घालून उभा असलेला गृहस्थ, हें दृश्य आमच्या वडिलांच्या पिढीस परिचयाचें होतें. आमची आजी अशाच एका पडद्यापुढें बसली.

येथें त्या अज्ञात हाताचा शोध लागतो. जुन्या कांचांवरील रसायन निळ्या रंगास चटकन् वश होई, तांबड्यास मुळींच नाहीं. त्यामुळें गोऱ्या चेहऱ्यावरील तांबूस पुटकुळी काळी पडे, आणि आपल्याकडील सांवळा, तांबूस छटेचा चेहरा असतो त्याहून पुष्कळ काळा उठे. चेहऱ्यावरचे वण असतील तर ते खड्ड्यांसारखे खोल दिसत. म्हणजे छायाचित्र खोटें बोलत नाहीं, ही समजूत मुळांतच खरी नव्हे. कांचेनेंच आधीं अन्याय केलेला असे, आणि तो निस्तरण्यासाठीं हाताची मदत घ्यावी लागे. निगेटिव्ह उतरत्या मेजावर ठेवावयाची, खालून आरशानें उजेड फेंकावयाचा, आणि टोंक काढलेल्या कठीण शिसपेन्सिलीनें बारीक बारीक ठिपके देत काळे डाग भरून काढावयाचे, असें हें काम असे. म्युनिकच्या हान्फ्श्टेंगल यानें १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत एकाच चेह‍ऱ्याच्या दोन प्रती, एक हात फिरविलेली व एक न फिरविलेली, शेजारीं शेजारीं मांडल्या, तेव्हांपासून हें कसब जगभर पसरलें. सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा १९०६ पासून विकत मिळूं लागल्या आणि अन्याय निस्तरण्याचें निमित्त हळूहळू संपलें. पण पेन्सिलीची संवय राहिली. न्याय देण्यासाठीं उचललेलें साधन खुशामतीस लागलें. गिऱ्हाइकास गुळगुळीत गाल आवडतात हें स्टुडिओवाल्यास कळलें, आणि न विचारतां वण जाऊं लागले.

आमच्या आजीचे वण असेच गेले. तो कारागीर दुष्ट नव्हता. त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें उपकारच केला. परंतु देवीचे वण ही कांहीं धूळ नव्हे. त्या रोगानें तिच्या दोन भावंडांस नेलें, आणि ती राहिली. भारतांतून देवी १९७५ सालीं हटली. आमच्या मुलीच्या पिढीस तो रोग पुस्तकांतच भेटतो. आजीच्या गालांवर त्याचा इतिहास लिहिलेला होता, आणि तो एका पेन्सिलीनें अर्ध्या तासांत पुसला.

याच्या उलट एका प्रसिद्ध चित्राकडे पहा. सांवतवाडीचे चित्रकार सां. ल. हळदणकर यांनीं १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत एक चित्र काढलें. तें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे, आणि पुष्कळ लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात. साडी नेसलेली एक स्त्री हातांत दिवा घेऊन उभी आहे; एका हाताची ओंजळ ज्योतीआड आहे, आणि बोटांच्या फटींतून निथळणारा तांबूस प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पडला आहे. चित्रकाराची स्वतःची मुलगीच त्यासाठीं उभी राहिली होती. येथें प्रभा कोठून आली? चेहऱ्यांतून कांहीं काढून टाकून नव्हे, तर चेहऱ्याजवळ एक दिवा आणून. मृदु प्रभेचें मर्म आमच्या मतें याच ठिकाणीं आहे. ती मिळविण्याचे मार्ग दोन: चेहऱ्यावर प्रकाशाची भर घालणें, आणि चेहऱ्यांतून त्याच्या खुणा वजा करणें. दोन्ही मार्गांनीं चित्र 'सुंदर' होतें. पण पहिल्या चित्रांत माणूस राहतो, आणि दुसऱ्यांत सौंदर्य राहून माणूस निघून जातो.

आमच्या मुलीनें संगणकावर केलें तें पहिल्या जातीचें होतें. १९८० नंतरच्या दशकांत कॅनडाच्या मायकेल ऑर्टन या छायाचित्रकारानें एकाच दृश्याच्या दोन पारदर्शिका, एक रेखीव व एक अस्पष्ट, दोन्ही मुद्दाम जास्त उजळ घेऊन, एकावर एक ठेवून पाहण्याची युक्ति काढली. तिच्यांतून तीच जुनी भिंगाची प्रभा उत्पन्न झाली. संगणकावर आतां हेंच करतात. चित्राची दुसरी प्रत पहिलीवर ठेवावयाची, ती अस्पष्ट करावयाची, खालच्या चित्रांत ती उजळपणें मिसळेल अशी योजना करावयाची, आणि मग तिचा जोर कमी करीत करीत डोळे स्पष्ट दिसूं लागतील तेथें थांबावयाचें. दीडशें वर्षांपूर्वीं कॅमेरॉनबाई जेथें थांबत होती, तेंच हें थांबणें. खालचें मूळ चित्र जसेंच्या तसें राहतें. वरचा पडदा केव्हांही बाजूस करतां येतो.

परंतु याच संगणकाजवळ आतां तिसरी एक शक्ति आली आहे, आणि ती पेन्सिलीहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं, आणि त्या भिंतींवरच्या तसबिरीही त्यांबरोबर गेल्या. औसा तालुक्यांतील आमच्या एका विद्यार्थ्याची आई त्या पहाटे गेली. नातलगाच्या एका लग्नाच्या समूहचित्रांत, मागच्या रांगेंत, बोटाच्या पेराएवढा तिचा चेहरा तेवढा उरला होता. तो मोठा केला तेव्हां धुक्यांतल्यासारखा आला. एका स्टुडिओवाल्यानें सुचविलें कीं, दुसऱ्या बाईचे डोळे लावून चेहरा स्पष्ट करून देतों. विद्यार्थ्यानें तें नाकारलें. "सर, धुकं असू द्या. धुक्यात का होईना, आई आहे," असें तो आम्हांस म्हणाला होता. आज तेंच काम यंत्र क्षणांत करतें. लाखों परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलें हें यंत्र अस्पष्ट चेहऱ्यांत रेखीव पापण्या व ओठ भरतें, आणि पाहणारा थक्क होतो. पण त्या पापण्या कोणाच्या? ज्या खुणा छायाचित्रांत उतरल्याच नाहींत, त्या कोणत्याही बुद्धीस परत आणतां येत नाहींत. तिला फक्त कल्पितां येतात. पेन्सिलीनें माणसाचें कांहीं काढून घेतलें. यंत्र परक्याचें कांहीं आणून बसवितें. अशा वेळीं धुकें हा चित्राचा दोष नसून आपण किती जाणतों याची प्रामाणिक मर्यादा असते.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, मृदु प्रभेचें वावडें धरण्याचें कारण नाहीं. आठवणींत माणसें कांचेच्या निष्ठुर उन्हांत उभीं नसतात. तीं कातरवेळेच्या उजेडांतच भेटतात, आणि छायाचित्रानें त्या उजेडाचा आसरा घेतला तर तें खोटें ठरत नाहीं. पथ्य एकच पाळावें: मूळ प्रत कधीं फेंकूं नये, आणि चेहऱ्यावरची खूण पुसण्यापूर्वीं ती ज्याची आहे त्याला, किंवा त्याच्या जिवलगाला, एकदां विचारावें.

तसबिरीची गोष्ट एवढ्यावर संपली नाहीं. दिवाळी सरल्यावर आत्याबाई परत लातुरास गेल्या, आणि पंधरा दिवसांनीं त्यांनीं एका पाकिटांतून तळहाताएवढी एक प्रत पाठविली. मोठें चित्र करण्यापूर्वीं पसंतीसाठीं दिलेली ती कच्ची प्रत त्यांच्या पत्र्याच्या पेटींत तळाशीं पडून होती. तिच्यावर पेन्सिल फिरलेली नव्हती. दोन्ही गालांवर, हनुवटीवर, वण स्पष्ट होते. आणि आम्हांस एकाएकीं बोटांखालीं तो खरखरीतपणा आठवला. मुलीनें त्या प्रतीवरून नवें चित्र केलें आणि त्यावर प्रभा घातली. यावेळीं थोडी कमी. वण मृदु झाले, पण गेले नाहींत. नवी तसबीर आतां जुन्याच काळ्या चौकटींत आहे, आणि तिच्या पाठीमागें जुनें गुळगुळीत चित्रही आम्हीं तसेंच ठेवलें आहे. कारण आमच्या आजीस एका काळीं कोणी कसें पाहूं इच्छीत होतें, तोही इतिहासच आहे.

संक्रांतीस आत्याबाई आल्या. त्यांनीं तसबिरीकडे पाहिलें, "हां," म्हणाल्या, आणि हळदीकुंकवाचें तबक पुढें ओढलें.